लाकडाला पॉलिमरचं कलम: पीयू मारूनही दरवाजा का सोलतो?

गेल्या काही महिन्यांत तीन-चार ओळखीच्यांनी मला एकच प्रश्न विचारला. फर्निचरच्या दुकानात 'पॉलिमर ट्रीटेड' लाकूड म्हणून काहीतरी सांगतात, फोनवर व्हिडिओ येतात त्यात फळीवर पाणी ओतलं की मोत्यासारखं घरंगळून जातं, तर हे नक्की काय आहे आणि आपल्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशपेक्षा वेगळं आहे का? मी जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या लाईनीत बरीच वर्षं काम केलंय त्यामुळे पॉलिमरची थोडी ओळख आहे, आणि घरात मामा सुतार आहेत त्यामुळे लाकडाचीही. दोन्हीकडून जे कळलं ते सांगतो.

आधी दरवाज्याचं सांगतो

अमळनेर तालुक्यात आमचं जुनं धाब्याचं घर आहे, पुढचा दरवाजा सागाचा, आजोबांच्या वडिलांच्या काळातला, तोंड पश्चिमेला. म्हणजे दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन थेट त्याच्यावर, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ पर्यंत चढतो हे वेगळं सांगायला नको. बहिणीच्या लग्नाआधी एकाकडून त्याला चकचकीत पीयू मारून घेतला, त्याने दहा वर्षं बघायला नको म्हणून सांगितलं होतं. दोन उन्हाळे गेले आणि खालच्या फळीवर फोड आले. मी नखाने उचकटलं तर कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा अख्खा हातात आला. पापुद्रा उलटा करून बघितला तर त्याच्या आतल्या बाजूला बारीक करड्या रंगाची पूड चिकटलेली होती, बोटावर घेतली तर पिठासारखी. ती पूड पॉलिशची नव्हती, ती लाकडाची होती.

ही पूड लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचंय.

मामांना दाखवलं तर ते अहिराणीत एवढंच बोलले, "लाकूड पानी पेस भाऊ, त्यानं तोंड तू कितलं दाबशी?" लाकूड पाणी पितं, त्याचं तोंड तू किती दाबणार. सगळा विषय या एका वाक्यात आहे, फक्त 'पितं' म्हणजे काय करतं ते समजून घेऊ.

लाकूड म्हणजे निम्मा कापूसच

कापसाचा धागा जवळपास सगळा सेल्युलोजचा असतो, आणि लाकडाच्या वजनात ४० ते ५० टक्के हेच सेल्युलोज असतं. म्हणजे आपल्या शेतातला कापूस आणि दारातली चौकट हे नात्यातले आहेत. बाकीच्यात हेमिसेल्युलोज नावाचा त्याचाच भाऊबंद आणि लिग्निन. लिग्निन म्हणजे चिकटवणारा माल. मातीच्या भिंतीला गिलावा करताना मातीत काडी-भुसा घालतात ना, काडी ताण घेते आणि माती सगळ्याला धरून ठेवते, तसं सेल्युलोज काडीचं काम करतं आणि लिग्निन मातीचं.

आता सेल्युलोजच्या रेणूवर जागोजागी ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी बाहेर डोकावत असते, तिला हायड्रॉक्सिल म्हणतात. आपण तिला सरळ 'कडी' म्हणू. दाराच्या कडीत जसा कोयंडा अडकतो तसं या कडीत पाणी अडकतं. टॉवेल पाणी पितो तो या कड्यांमुळे, आणि लाकूडही पितं ते यांच्यामुळेच.

पण लाकडात पाणी दोन प्रकारे राहतं. एक म्हणजे नळीसारख्या पेशींच्या पोकळीत साठलेलं मोकळं पाणी, त्याने वजन वाढतं पण आकार बदलत नाही. दुसरं पेशींच्या भिंतीत शिरून कड्यांना अडकलेलं पाणी, ते जागा करत करत भिंतीच जाड करतं आणि लाकूड फुगतं. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के पाणी झालं की भिंतीतल्या कड्या भरतात, त्यापुढे कितीही भिजवा, फुगणं थांबतं.

आणि पाऊसच लागतो असं नाही, हवेतली वाफ पुरते. आपल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत लाकडात ४-५ टक्के पाणी राहतं, आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत तेच १६-१८ वर जातं. सागासारख्या शांत लाकडातसुद्धा एक फूट रुंद फळी एवढ्या फरकाने ६-७ मिलीमीटर हलू शकते, हवेशी पूर्ण जुळायला वेळ मिळाला तर. दरवाजा पावसाळ्यात अडतो आणि उन्हाळ्यात फटीतून बोट जातं ते यामुळे. उंचीला मात्र फरक जवळजवळ पडत नाही, कारण धागे उभे असतात आणि पाणी त्यांच्या आजूबाजूला शिरतं, ते लांब होत नाहीत, एकमेकांपासून लांब सरकतात.

पॉलिमर म्हणजे माळ

जळगावकरांना पॉलिमर समजावून सांगायचं म्हणजे अवघड नाही, आपल्या चटईचा धागा पॉलिमर, पीव्हीसी पाईप पॉलिमर, केळीच्या ओळीत पसरलेली ठिबकची नळीही पॉलिमर. छोटा रेणू म्हणजे एक मणी, त्याला मोनोमर म्हणतात. असे शेकडो-हजारो मणी एकामागे एक ओवले की जी माळ होते ती पॉलिमर. चटईत प्रोपिलीनचे मणी, पाईपात व्हिनाईल क्लोराईडचे. सेल्युलोजसुद्धा माळच आहे, साखरेच्या म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची, आणि ती झाडाने ओवलेली आहे.

पीयू, व्हार्निश, टचवूडसारखी पॉलिशं हीसुद्धा पॉलिमरच आहेत पण ती लाकडावर पसरतात आणि वाळतात. खडबडीत जागेत थोडी अडकून, थोडी चिकटून बसतात. लाकडाशी त्यांची पक्की गाठ बहुतेक ठिकाणी नसते. ग्राफ्टिंगमध्ये, म्हणजे लाकडाला पॉलिमरचं कलम करण्यात, नेमकं हेच वेगळं आहे, त्यात माळेचं एक टोक लाकडाच्या कडीला रासायनिक बंधाने जोडलेलं असतं, अणूला अणू.

काडीचं कलम आणि डोळ्याचं कलम

ग्राफ्टिंग म्हणजे आपलं कलमच, आणि पॉलिमरवाल्यांनीही शब्द तिथूनच उचललाय. मेहरुणच्या बोराची गोडी ज्यांना माहितीय त्यांना हेही माहिती असेल की जंगली बोरीच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरला की मूळ तेच राहतं, काटकपणा तोच राहतो, आणि फळ हवं तसं येतं. इथे खुंट म्हणजे लाकूड.

कलम दोन तऱ्हेने होतं. एक, तयार फांदीची काडी आणून खुंटाला जोडायची. लाकडात याचा अर्थ असा की माळ कारखान्यात आधीच तयार करायची, तिच्या टोकाला कडी पकडणारा गट ठेवायचा आणि मग ती लाकडावर सोडायची. सोपं आहे पण अडचण अशी की माळा लांब असतात, आधी पोहोचलेल्या पाय पसरून जागा अडवतात आणि मागून येणाऱ्यांना कडीपर्यंत पोहोचताच येत नाही, म्हणजे भुसावळ पॅसेंजरच्या दारात उभी राहिलेली माणसं आणि आत डबा रिकामा. माळांची गर्दी विरळ राहते, आणि मोठी माळ पेशीच्या भिंतीत आत शिरूच शकत नाही.

दुसरी तऱ्हा डोळा भरायची. कडीला आधी एक छोटासा रेणू जोडायचा, त्याला सुरुवात करणारा म्हणून इनिशिएटर म्हणतात. हा आपला डोळा. मग मोनोमर म्हणजे सुटे मणी सोडायचे, ते लहान असल्यामुळे आतपर्यंत जातात आणि माळ डोळ्यातूनच वाढत बाहेर येते. अशा माळा ब्रशच्या केसांसारख्या दाट उभ्या राहतात.

यातली मला सगळ्यात आवडलेली पद्धत १९९५ मध्ये सापडली, अमेरिकेत क्रिझिस्तोफ मातियाशेव्स्की आणि जिन-शान वांग यांना आणि जपानमध्ये मित्सुओ सावामोतो यांना, वेगवेगळी. तिचं लघुनाव एटीआरपी. डोळ्याच्या टोकाला ब्रोमीनचा एक अणू टोपीसारखा बसवलेला असतो. तांब्याचा क्षार ती टोपी काढतो, तेवढ्यात एक-दोन मणी ओवले जातात, लगेच टोपी परत बसते, परत निघते. असं हजारो वेळा. कोणतीच माळ बेफाम वाढत नाही, सगळ्या साधारण सारख्या लांबीच्या होतात, आणि किती लांब वाढवायच्या ते आपल्या हातात राहतं. मी कारखान्यात रिअ‍ॅक्शन हाताबाहेर गेलेली, ड्रम तापलेले बघितलेत, त्यामुळे या टोपीची कल्पना कोणाला सुचली असेल याचं मला आजही कौतुक वाटतं.

झुरिचच्या ईटीएच आणि एम्पा या संस्थांमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हीच पद्धत अख्ख्या लाकडाच्या तुकड्यात वापरली. नुसत्या वरच्या पृष्ठभागावर नाही तर आतल्या पेशींच्या भिंतींवर. एका तुकड्यात पॉलिस्टायरीनच्या माळा वाढवल्या, म्हणजे ज्याच्यापासून थर्माकोल होतो तेच, ते पाण्याला जवळ करत नाही. दुसऱ्यात असं पॉलिमर वाढवलं जे साधारण ३२ अंशांच्या खाली पाण्याला जवळ करतं आणि त्यावर गेलं की दूर सारतं. लाकूड तेच, आत माळ कुठली वाढवली त्यावर स्वभाव ठरला. म्हणून मी याला रंगकाम म्हणत नाही, कलम म्हणतो.

"पक्कं जोडलंय हे कशावरून?"

चांगला प्रश्न आहे, कारण मोनोमर सोडल्यावर काही माळा लाकडाला न जोडता सुट्याच तयार होतात आणि नुसत्या आत अडकून बसतात. त्या ओळखायची रीत साधी आहे. तुकड्याचं वजन करायचं, मग तो अशा सॉल्व्हंटमध्ये तासन् तास धुवायचा ज्यात ते पॉलिमर एरवी विरघळतं, वाळवायचा आणि परत वजन करायचं. सुटं होतं ते धुऊन जातं, बांधलेलं राहतं. माळी कलम बांधल्यावर काही दिवसांनी हलकेच ओढून बघतो, तसंच हे.

आणि सेल्युलोजच्या कडीला असा पक्का बंध टिकतो का अशी शंका असेल तर घरातलं कपाट उघडा. सुती साडीचा पक्का रंग शेकडो धुण्यांत जात नाही, त्यातले बरेच रंग 'रिअ‍ॅक्टिव्ह डाय' असतात, ते धाग्याला नुसते चिकटत नाहीत, याच हायड्रॉक्सिल कडीला रासायनिक बंधाने जोडलेले असतात. असे रंग १९५६ पासून बाजारात आहेत. कापसावर जे इतकी वर्षं चालतंय तेच लाकडावर करायचा हा प्रयत्न आहे, फरक इतकाच की लाकूड जाड आहे आणि आत पोहोचणं अवघड आहे.

पाणी थेंब होऊन का घरंगळतं

व्हिडिओतला तो मोत्यासारखा थेंब. 'अळवावरचं पाणी' आपण म्हणतोच. अळवाच्या पानावर मेणाचे सूक्ष्म उंचवटे असतात, पाण्याला धरायला कडी मिळत नाही आणि थेंब स्वतःलाच गोळा करून बसतो. थेंब आणि पृष्ठभाग यांच्यातला कोन मोजतात, ९० अंशांच्या वर गेला की पृष्ठभाग पाणी टाळतो, १५० च्या वर गेला की अळू. पाणी टाळणाऱ्या माळांचं कलम केलेली फळी ९० च्या पुढे सहज जाते.

पण हे नीट ऐका. थेंब घरंगळतो म्हणजे लाकूड फुगणार नाही असं नाही! नुसत्या वरच्या पृष्ठभागावर कलम असेल तर पाण्याचा थेंब अडतो, वाफ अडत नाही, ती हळूहळू आत जातेच, आणि श्रावणात महिनाभर वेळ असतो तिला. फुगणं कमी करायचं तर कलम पेशींच्या भिंतीत आत व्हायला हवं, म्हणजे कड्या अडवल्या जातात आणि भिंत आधीच थोडी फुगलेल्या अवस्थेत स्थिर राहते. दुकानात पाणी ओतून दाखवतात ते पहिल्या गोष्टीचं प्रात्यक्षिक असतं, दुसऱ्याचं नाही.

आता ती करडी पूड

आपल्या खान्देशात लाकडाचा पाण्याइतकाच मोठा वैरी ऊन आहे, आणि माझ्या मते जास्तच. उन्हातले अतिनील किरण लिग्निन शोषून घेतं आणि तुटतं. म्हणजे गिलाव्यातली माती भुसभुशीत होते, काड्या मोकळ्या होतात. उघड्या लाकडात पाऊस ते तुटलेलं लिग्निन धुऊन नेतो आणि मागे करडं सेल्युलोज राहतं, म्हणून जुनी बैलगाडी, जुने खांब राखाडी दिसतात.

पारदर्शक पीयूमधून मात्र ऊन सरळ आत जातं. थर वरून चांगला दिसत असतो पण त्याच्या खाली, जिथे त्याने लाकडाला धरलेलं असतं, तिथलंच लिग्निन तुटत असतं. पॉलिशने लाकूड सोडलं नव्हतं, लाकडाचा वरचा थर उरलेल्या लाकडापासून सुटला आणि पॉलिशबरोबर निघून आला. पापुद्र्याला मागून चिकटलेली पूड ती हीच. आता त्यावर कितीही भारी पीयू मारा, पायाच भुसभुशीत असेल तर काय धरणार.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. अतिनील किरण लाकडात फक्त ७५ मायक्रॉनपर्यंत जातात, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढे. त्यामुळे उन्हासाठी अख्खी फळी सुधारायची गरज नाही, पृष्ठभागावरचं कलम पुरतं. १९९८ मध्ये माकोतो किगुची आणि फिलिप इव्हान्स या दोघांनी अतिनील किरण शोषणारा रेणू लाकडाच्या पृष्ठभागाला रासायनिक बंधाने जोडून दाखवला, पॉलिशमध्ये नुसता मिसळून नाही, आणि त्याने लिग्निन वाचलं. पीयूवाल्यांनी असं काहीतरी खाली आधी केलं तर वरचा थरही टिकेल, आणि आपल्या भागासाठी मला पाण्याच्या मोत्यांपेक्षा ही दिशा जास्त महत्त्वाची वाटते.

"मग ते लाकूड राहिलं की प्लास्टिक झालं?"

हा आक्षेप मामांचा, आणि तो मला पटतोसुद्धा. पण एक बघा, साग एवढा टिकतो त्यामागे काय आहे? त्याच्या गाभ्यातली कीड-बुरशी आवरणारी द्रव्यं तर आहेतच, पण सागात थोडं नैसर्गिक रबरही असतं, तेही पॉलिमरच. रंधा मारलेल्या सागाला हात लावला की जो तेलकट गुळगुळीतपणा जाणवतो त्यात त्याचा वाटा आहे. म्हणजे झाडाने स्वतःच लाकडात पॉलिमर भरून ठेवलाय. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात गाभा कमी आणि कडेचं पांढरं लाकूड जास्त, म्हणून तो जुन्या सागासारखा वागत नाही.

तरी सगळं माफ असं मी म्हणणार नाही. पॉलिस्टायरीन किंवा अ‍ॅक्रिलिकचं कलम केलेलं लाकूड मातीत गेलं तर साध्या लाकडासारखं कुजणार नाही. त्याचे तुकडे चुलीत घालू नयेत, धूर घरात जातो. यावर उपाय म्हणून कुजू शकणाऱ्या पॉलिमरचं, उदाहरणार्थ पॉलिकॅप्रोलॅक्टोनचं, कलमही करून बघितलेलं आहे.

"उधई लागेल का? आग?"

बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर पाणी लागतं, त्यामुळे भिंतीतच पाणी कमी राहिलं तर कुजणं मंदावतं. उधईचं तसं नाही, वरवरचं कलम असेल तर ती चिरेतून किंवा फळीच्या कापलेल्या टोकातून आत जाईल. आणि आगीचं म्हणाल तर पॉलिस्टायरीन, अ‍ॅक्रिलिक स्वतःच जळतात, त्यांच्या कलमाने लाकूड फायरप्रूफ होतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

"एवढं चांगलं आहे तर बाजारात का नाही?"

कारण प्रयोगशाळेतला तुकडा सुपारीएवढा असतो आणि दरवाजा सात फुटांचा. एटीआरपीला ऑक्सिजन चालत नाही, म्हणजे हवा काढलेलं भांडं हवं. सॉल्व्हंट लागतं, ते परत गोळा करावं लागतं. तांबं धुऊन काढावं लागतं. द्रव फळीच्या लांबीतून टोकाकडून आत जातो पण आडवा फार हळू शिरतो, आणि सागासारख्या दाट गाभ्यात तर आणखी अवघड. हे सगळं करून फळीची किंमत कुठे जाईल याचा अंदाज तुम्हीच करा.

जे खरंच विकलं जातंय ते या कुटुंबातलं पण सोपं रसायन आहे. नेदरलँड्समधल्या आर्नहेमला २००७ पासून 'अकोया' नावाचं लाकूड बनतं, त्यात माळ नाहीच, व्हिनेगरच्या नात्यातलं एक रसायन वापरून पोहोचता येतील त्या कड्यांवर छोटं झाकण बसवतात. नॉर्वेतलं 'केबोनी' दुसऱ्या वाटेने जातं, लाकडात फरफ्युरिल अल्कोहोल भरून ते आतच पॉलिमर होऊ देतात. हे फरफ्युरिल अल्कोहोल कशापासून निघतं? उसाच्या चिपाडापासून, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसापासून. आपल्याकडे मक्याच्या हंगामात यांचे ढीग शेताच्या बांधावर पडलेले असतात, त्यातून लाकूड टिकवणारं रसायन निघू शकतं हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस तेच तेच सगळ्यांना सांगत होतो. निलगिरी, सुबाभूळ, कडुनिंब यांसारखं स्वस्त लाकूड अशा उपचाराने चौकटीच्या लायकीचं होत असेल तर सातपुड्यातल्या सागावरचा भार कमी होईल, मला यात रस आहे तो मुख्यतः यासाठी.

दुकानात काय विचारायचं आणि घरी काय करायचं

'पॉलिमर ट्रीटेड' म्हटलं की तीन प्रश्न विचारा. पॉलिमर वर पसरलंय, आत भरलंय की लाकडाला जोडलंय? किती खोल गेलंय, आणि फळी कापली तर कापलेल्या टोकाचं काय? पाण्यात ठेवून रुंदीत किती फरक पडतो ते मोजलंय का? तिसऱ्याचं उत्तर आकड्यात मिळालं नाही तर ते कोटिंग आहे असं समजून कोटिंगचेच पैसे द्या.

घरच्या दरवाज्याला आत्ता कलम मिळणार नाही. पण जवसाचं तेल आपल्याकडे पूर्वीपासून लावतात ते बरोबर आहे, जवसाचं तेल नुसतं वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि लाकडातच पॉलिमर होतं. गोडंतेल लावून हे होत नाही, ते चिकटच राहतं. फक्त जवसाचं तेल भरड्या करड्या लाकडावर लावू नका, आधी ती पूड पूर्ण निघाली पाहिजे. आणि तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, मोकळी पसरून वाळवा.

आमचा दरवाजा मामांनी दिवाळीत उतरवला, आडवा ठेवला आणि उरलेला पीयू खरवडून हलका रंधा फिरवला. मला वाटलं होतं बरंच लाकूड जाईल. दोन हातांतच करडा थर संपला, खालून पिवळसर तपकिरी लाकूड निघालं आणि इतक्या वर्षांनी अंगणभर सागाचा वास सुटला.